खांबाशी म्हावरं, जाळं लांब

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मुंबई हायवर, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, वेल्डर आहे. १४ दिवस तिकडं, १४ दिवस सोलापुरात. तो सांगतो, कोळ्यांची बोट जवळ आली की रेडिओवरून तिला परत फिरवतात. समुद्र पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा, मग तेलात त्यांचा वाटा का नाही? घरचे म्हणतात, आपल्या दुष्काळी जिल्ह्याला काय करायचंय समुद्राचं!
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, ती हाक २० वर्षं मीच मारत होतो. रेडिओ ऑपरेटर होतो तिथं. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कानाशी जहाजांना हाक मारायचा रेडिओचा चॅनल १६. "नाखवा, ५०० मीटर लांब राहा." नियम योग्यच आहे. २७ जुलै २००५ ला जखमी माणसाला वर चढवायला आलेलं जहाज प्लॅटफॉर्मला धडकलं, आग लागली, २२ जण गेले. तरी एका नाखव्यानं दिलेलं उत्तर मी अजून विसरलो नाही : "साहेब, म्हावरा तुमचे खांबांशीच हाय, आमी जाव कुठं?" खरंच होतं त्याचं. खांबांवर शिंपले, शेवाळ धरतं आणि मासे तिथंच जमतात.

वाट्याचं विचाराल, तर घटनेच्या कलम २९७ प्रमाणे समुद्रतळाखालची खनिजं केंद्राची. त्यात कोळ्याचं नाव कुठंच नाही. पण मला त्याहून सलतं ते दुसरंच. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरासाठी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्रामसभांना विचारायला लावलं, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. समुद्राला ग्रामसभा नाही. उलट जानेवारी २०२० पासून तेल शोधण्याच्या खोदकामाला जनसुनावणीसुद्धा लागत नाही. वाट्याचं नंतर बघू हो, आधी विचारा तरी!

अलास्कात १९७१ च्या कायद्यानं मूळ रहिवाशांना ४.४ कोटी एकर जमीन आणि ९६.२५ कोटी डॉलर मिळाले. बदल्यात त्यांचे बाकीचे परंपरागत दावे, अगदी शिकारीचे आणि मासेमारीचेही, मिटवून टाकले. पुढं २००८ मध्ये अमेरिकी सरकारनं अलास्कालगतच्या चुकची समुद्राचा तळ तेलासाठी लिलावात काढला. किनाऱ्यावरचं पॉइंट होप हे देवमाशाच्या शिकारीवर जगणारं छोटं गाव. त्या गावानं पर्यावरण संस्थांना सोबत घेतलं आणि कोर्ट गाठलं. सरकारच्या अहवालात १०० कोटी पिंपंच तेल निघेल असं धरलं होतं. तेल कमी धरलं की धोकाही कमी दिसतो! २०१४ मध्ये अपील न्यायालयानं तो आकडा मनमानी ठरवला. मालकी नसलेल्या माणसांनी आकड्यावर बोट ठेवलं, हे मला फार मोठं वाटतं.

घरच्यांना एकदा उजनीवर घेऊन जा. भीमेत जाळं टाकणाऱ्या भोयांची नदी १९८० मध्ये जलाशय झाली. धरण बांधताना त्यांना कुणी काय विचारलं होतं, ते तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या भोयाकडूनच ऐका.

आणि भावाला माझा निरोप द्या. बोट दिसली की तारीख, वेळ, कुठल्या बंदराची आणि कोणत्या मासळीसाठी आली, हे वहीत टिपून ठेव म्हणावं. उद्या कुणी म्हणालं, की इथं मासेमारी होतच नाही, तर ती वही कामाला येईल. मी २० वर्षांत एक पानही लिहिलं नाही.