‘ओरिजिनल डायल’ म्हणून घेतलेलं घड्याळ रंगवलेलं निघालं

प्रश्न: मी डिचोलीत राहतो. जुन्या घड्याळांचा शौक आहे. दोन महिन्यांपूर्वी एका ऑनलाइन बाजारपेठेवरून मुंबईच्या विक्रेत्याचं ओमेगा सीमास्टर 30 हे चावीचं घड्याळ 46,000 रुपयांना घेतलं. जाहिरातीत होतं: ‘1966 सालचं, कॅलिबर 286, डायल शंभर टक्के ओरिजिनल, कधीही न उघडलेलं’. (कॅलिबर म्हणजे आतल्या मशीनचा मॉडेल क्रमांक.) गेल्या आठवड्यात म्हापशाच्या एका कारागिराला दाखवलं. तबकडी पुन्हा रंगवलेली आहे आणि मशीनवर 268 आकडा आहे, असं तो म्हणाला. विक्रेता म्हणतो, ‘विंटेज माल परत घेत नाही हे पानावर लिहिलेलं आहे, शिवाय तुम्ही ते उघडलंत.’ पैसे परत मिळतील का?

उत्तर: मिळू शकतात, पण आधी एक गोष्ट पक्की धरा. जुनं घड्याळ रंगवून, पार्ट बदलून विकणं हा गुन्हा नाही. ‘तबकडी रंगवलेली आहे’ असं सांगून कितीही विका, कायद्याचं काही म्हणणं नाही. तुमची सगळी केस त्या जाहिरातीतल्या एका ओळीवर उभी आहे. म्हणून ते पान उडायच्या आत पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, विक्रेत्याशी झालेलं चॅट साठवा, आणि तो फोन सध्या फॉरमॅट करू नका किंवा विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत तितका काटेकोर नसतो, तरी ते जोडलेलं बरं.

‘तुम्ही उघडलंत’ हा विक्रेत्याचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे. तुम्हीच मशीन बदललं, असं तो उद्या म्हणेल. तो त्याच्याच फोटोंनी खोडता येतो. जाहिरातीतला तबकडीचा फोटो मोठा करून पाहा: ‘सीमास्टर’ची अक्षरं जाड आणि कडेला पसरलेली, मिनिटांच्या रेघा सरळ न जाता लहरी, सहाच्या खालचं ‘स्विस मेड’ घड्याळाच्या धातूच्या केसच्या (बाहेरच्या कवचाच्या) कडेखाली अर्धं गेलेलं. हेच दोष आज हातातल्या घड्याळात त्याच जागी दिसत असतील, तर तबकडी तीच आहे हे सिद्ध झालं. मशीनचा फोटो त्याने टाकला असेल तर त्यावरचा आकडा आणि स्क्रूच्या खाचांवरचे ओरखडे जुळवा. टाकला नसेल तर कॅलिबर 286 हा शब्द त्याने कशाच्या आधारावर लिहिला, हा प्रश्न नोटिशीतच विचारा. 268 हे त्याच 30 मिलिमीटर घराण्यातलं आधीचं मशीन आहे, त्यामुळे ते केसमध्ये बसतं आणि चालतंही. खोटं मशीन नव्हे, दुसऱ्या घड्याळातलं.

कारागिराचं तोंडी मत आयोगापुढे चालणार नाही. त्याच्याकडून लेटरहेडवर तारखेसह लेखी अहवाल घ्या. त्यात मशीनवरचा क्रमांक, झाकणाच्या आतला क्रमांक, दहापट भिंगाखाली काढलेले छपाईचे फोटो आणि तबकडी मागून कशी धरलेली आहे, हे हवं. रंगवताना तबकडीचे पाय (तिला मागून मशीनला धरणाऱ्या बारीक खुंट्या) तुटले की अनेकदा तबकडी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर बसवतात, आणि कधी कडेला खूण म्हणून छोटी खाचही पाडलेली असते. काट्यांवर आणि ठिपक्यांवर चमकणारा पदार्थ असेल तर अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने पाहायला सांगा: 1960 च्या दशकातला ट्रिटियम आता जेमतेम उजळतो आणि लगेच विझतो. रात्रभर हिरवा उजेड पडत असेल तर तो थर नंतर लावलेला आहे. पुढे याच कारागिराला शपथपत्र द्यावं लागेल, कारण आयोगाचं काम मुख्यतः शपथपत्रांवर चालतं. मात्र त्याला साफसफाई, तेल, पॉलिश, काहीही करू देऊ नका. आणि घड्याळ हातात घालणं आजपासून बंद.

ते बंद का, याला कायद्याचं कारण आहे. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 42 नुसार वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. तुमचे दोन महिने गेलेत. आजच विक्रेत्याला ईमेल आणि स्पीड पोस्टने कळवा: वर्णनाशी जुळत नाही म्हणून माल नाकारत आहे, 46,000 परत करा, घड्याळ घेऊन जा. कलम 43 प्रमाणे नाकारलेला माल स्वतः पाठवायचं बंधन तुमच्यावर नाही. पैसे हातात पडण्याआधी घड्याळ कुरिअरने पाठवू नका. पुरावा आणि पैसे दोन्ही जातील.

‘परत घेत नाही’ ही पाटी इथे निकामी आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. अपवाद एकच महत्त्वाचा: हौस म्हणून घरातलं एखादं घड्याळ विकणाऱ्या माणसाला हे नियम लागू होत नाहीत. या विक्रेत्याच्या पानावर एकाच वेळी किती घड्याळं विक्रीला आहेत, ते पाहा. चाळीस-पन्नास असतील तर तो व्यापारी आहे, त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. खरोखरच खासगी माणूस निघाला तर आयोग सोडून दिवाणी न्यायालयात करार अधिनियमाखाली जावं लागेल. गोव्यात बरेच जण अशा वेळी जुना ‘पोर्तुगीज कायदा’ आठवतात. विक्रीच्या करारात त्याचा काही संबंध नाही.

बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही लेखी तक्रार करा. 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असं नियम सांगतात. त्याच पत्रात विक्रेत्याचं नाव-पत्ता मागा, तो द्यायला ते बांधील आहेत.

तरीही जमलं नाही तर ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 34 मुळे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा आयोगात. मुंबईला खेटे नकोत. 5 लाखांपर्यंत फी नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून दाखल होते, मुदत दोन वर्षं. बाजारपेठेलाही विरुद्ध पक्ष करा. वकिलाची नोटीस सक्तीची नाही, पण पंधरा दिवसांची एक पाठवावी. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केलात तर कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

दोन ठिकाणी तुम्हाला त्रास होईल. पहिलं, तुम्ही शौकीन आहात, म्हणजे फोटोवरून कळायला हवं होतं, असं ते म्हणतील. करार अधिनियमाच्या कलम 19 मध्ये तसा अपवाद आहे, पण तो अजाणता चुकीचं सांगण्यापुरता किंवा गप्प राहून केलेल्या फसवणुकीपुरता. जाणूनबुजून ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असं ठासून सांगणाऱ्याला तो आसरा मिळत नाही. ‘कधीही न उघडलेलं’ यावर मात्र भर देऊ नका. साठ वर्षांत एकदाही तेल न बदललेलं घड्याळ नीट चालणार नाही, हे कुठल्याही शौकिनाला ठाऊक असतं. दुसरं, ‘नफ्याने विकायला घेतोय’ असं चॅटमध्ये कुठे लिहिलं असेल तर तुम्ही ग्राहक ठरणार नाही. ते मला आधी दाखवा.

पोलीस तक्रार सध्या नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 साठी सुरुवातीपासूनचा फसवणुकीचा हेतू दाखवावा लागतो, आणि पोलीस बहुधा ‘दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतात. त्याच विक्रेत्याने आणखी खरेदीदारांना असंच विकल्याचं कागदावर आलं, तर पुन्हा विचार करू. तोवर फेसबुकवर त्याचं नाव घेऊन लिहू नका, नाहीतर बदनामीची नोटीस तुम्हालाच यायची.

घड्याळ आवडलं असेल आणि ठेवायचं असेल, तर नकार कळवू नका. त्याऐवजी रंगवलेल्या घड्याळाची खरी किंमत आणि 46,000 यांतला फरक मागता येतो. मात्र मग संपूर्ण रक्कम मागता येणार नाही, म्हणून ईमेल पाठवायच्या आधीच काय ते ठरवा.