मॉरिशस की मालदीव : शिक्षणावरील सरकारी खर्चाची तुलना कशी करावी

या दोन देशांपैकी शिक्षणावर सरकार अधिक खर्च कोठे करते आणि जीडीपीच्या टक्केवारीवरून ते ठरवता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सुरुवात टक्केवारीपासून करावी, परंतु निष्कर्ष तिच्यावरून काढू नये. २०१५ च्या इंचॉन जाहीरनाम्यात (शिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात) जीडीपीच्या किमान ४ ते ६ टक्के अथवा एकूण सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के ही शिफारस आहे. ती मोजपट्टी म्हणून उपयोगी असली, तरी तिने दोन देशांची क्रमवारी लावणे धोक्याचे आहे.

पहिली अडचण छेदाची, म्हणजे ज्या जीडीपीने खर्चाला भागायचे त्याची आहे. पर्यटन थांबल्यामुळे २०२० साली मालदीवचा जीडीपी सुमारे एक तृतीयांशाने घटला, तर मॉरिशसचा सुमारे १५ टक्क्यांनी. शिक्षकांचे पगार मात्र द्यावेच लागतात. त्यामुळे अशा वर्षी शाळांसाठी एक पैसाही वाढवला नाही, तरी टक्केवारी वर जाते. निदान दहा वर्षांचे आकडे एकत्र पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये, असा माझा आग्रह आहे.

दुसरी आणि माझ्या दृष्टीने मुख्य बाब भूगोलाची. मॉरिशसची जवळजवळ सर्व लोकसंख्या एकाच मोठ्या बेटावर राहते; रॉड्रिग्ज हे दूरचे बेट हा मोठा अपवाद. एका गावात शाळा नसेल, तर मुले बसने शेजारच्या गावी जातात, आणि २००५ पासून विद्यार्थ्यांना हा प्रवास मोफत आहे. मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटांपैकी दोनशेहून कमी बेटांवर वस्ती आहे, आणि त्यांतील पुष्कळ बेटांची लोकसंख्या हजाराच्या आत आहे. शेजारच्या शाळेत जायचे म्हणजे समुद्र ओलांडायचा. म्हणून मोजकीच मुले असली, तरी इमारत, मुख्याध्यापक आणि विषयशिक्षक हे सर्व त्याच बेटावर उभे करावे लागते. शिवाय तेथील शाळा दीर्घकाळ भारत आणि श्रीलंकेतून आलेल्या शिक्षकांवर अवलंबून राहिल्या आहेत. अशा ठिकाणी प्रतिविद्यार्थी खर्च जास्त दिसला, तर त्याला उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो बऱ्याच अंशी समुद्राने लादलेला खर्च आहे.

मॉरिशसच्या आकड्यांत वेगळी गुंतागुंत आहे. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. परंतु सरकारी शाळा पुरेशा नसल्यामुळे खासगी शाळांना अनुदान देऊन हे साधले गेले. म्हणजे खासगी म्हणून नोंदलेल्या अनेक शाळांतील शिक्षकांचे पगारही सरकारी पैशातूनच होतात. तेथील प्राथमिक शाळांत मराठीसह हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू अशा पूर्वजांच्या भाषा शिकवल्या जातात. मराठी वाचकाला याचे विशेष समाधान वाटावे, कारण आपल्या भाषेच्या अध्यापनाचा भार तेथील सरकार उचलते.

उलट बाजूही पाहावी. मॉरिशसमध्ये खासगी शिकवण्यांचा प्रसार मोठा आहे, आणि पालकांचा तो खर्च सरकारी आकड्यांत येत नाही. जन्मदर घटल्याने विद्यार्थीही कमी होत आहेत. त्यामुळे जीडीपीतील वाटा घटूनही प्रत्येक मुलामागचा खर्च वाढलेला असू शकतो.

तेव्हा आपण प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च शिक्षणाचे आकडे आधी वेगळे करावेत, क्रयशक्तीनुसार, म्हणजे दोन्ही देशांतील किमतींचा फरक धरून, प्रतिविद्यार्थी खर्च काढावा आणि मालदीवसाठी राजधानी माले व बाहेरची बेटे यांची स्वतंत्र नोंद ठेवावी. मॉरिशसमधील मोफत बस कोणत्या खात्याच्या खर्चात धरली आहे, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे.