वाचकांचे प्रश्न : फिशटँकचं पाणी फरशीवर का येतं?

प्रश्न : टँक १२० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद. खालच्या कपाटात ७५ × ३५ सेंमीचा संप, म्हणजे टँकचं पाणी ज्यात उतरतं आणि जिथून पंप ते परत वर चढवतो ती टाकी, आहे. पंप चालू असेपर्यंत सगळं ठीक. लाइट गेली की संप भरून पाणी कपाटात येतं. चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवल्यावर चार महिने बरे गेले, आता पुन्हा तेच. काय करावं?

दोष चेक व्हॉल्व्हचा कमी आणि परतीच्या पाइपाच्या (पंपाचं पाणी वर टँकमध्ये नेणाऱ्या) तोंडाचा जास्त आहे. पंप थांबला की हाच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंडाला हवा लागेपर्यंत टँकचं पाणी खाली ओढत राहतो. तुमच्या टँकची पातळी १ सेंमी उतरली की १२० × ४५ × १ = ५४०० घन सेंमी, म्हणजे ५.४ लिटर पाणी खाली येतं. तोंड ५ सेंमी बुडालेलं असेल तर २७ लिटर. एवढ्या पाण्याने तुमच्या संपाची पातळी जवळजवळ १०.३ सेंमी चढते. त्यात ओव्हरफ्लो बॉक्समधलं (टँकचं वरचं पाणी ज्या कप्प्यात सांडून खाली जातं त्यातलं) आणि पाइपांमधलं पाणी वेगळं. संपात तेवढी जागा मोकळी नसेल तर ते बाहेर येणारच.

तोंड वर घ्या, पृष्ठभागाखाली जेमतेम १ सेंमी. मग उलटं येणारं पाणी साडेपाच लिटरांवर येतं. शिवाय पाइपाला पृष्ठभागाच्या लगेच खाली ५-६ मिमीचं भोक पाडा, म्हणजे पातळी जरा उतरताच हवा शिरून सायफन तुटतो. या भोकात शेवाळ धरतं, बारकी गोगलगाय बसते. दर महिन्याला काडी फिरवून ते मोकळं करावं लागतं. चेक व्हॉल्व्हचंही तसंच. आतल्या झडपेवर क्षार साचले की ती पूर्ण बसत नाही आणि केसाएवढी फट राहिली तरी रात्रभरात संप भरतो. व्हॉल्व्ह ठेवायचा तर दोन्ही बाजूंना युनियन (हाताने उघडता येणारे जोड) लावा, म्हणजे उघडून धुता येईल. पण संपातल्या जागेचा हिशेब तो नाही असं धरूनच करा.

मग चाचणी घ्या. सगळं चालू असताना संपावर पाण्याच्या रेषेत चिकटपट्टी लावा, पंप बंद करा आणि पाणी पूर्ण थांबेपर्यंत थांबा. काठाखाली निदान ३ सेंमी जागा उरायला हवी. नसेल तर संपातलं पाणी कमी करा आणि पट्टी नव्या पातळीला लावा. यापुढे पंप चालू असताना त्या पट्टीच्या वर पाणी भरायचं नाही.

प्रश्न : पाणी खाली आणणारा पाइप एकच आहे. तो तुंबला तर?

तर टँक वरून वाहील, आणि हा धोका लाइट जाण्यापेक्षा मोठा आहे, कारण पंप थांबत नाही. पंपाच्या कप्प्यातलं पाणी संपेपर्यंत तो ते वर चढवत राहतो. कप्पा ३० × ३५ सेंमी आणि पंपाच्या तोंडावर १५ सेंमी पाणी असेल तर ते १५.७५ लिटर होतं. वरच्या प्रश्नातल्या टँकला त्यासाठी जवळजवळ ३ सेंमी रिकामी जागा लागेल, ४ ठेवा. हा हिशेब ऑटो टॉप-अप (आटलेलं पाणी आपोआप भरणारी सोय) मात्र बिघडवतो. कप्प्यातली पातळी उतरलेली दिसली की त्याच्या फ्लोटला (पातळी ओळखणाऱ्या तरंगत्या स्विचला) वाटतं पाणी आटलं, आणि तो नवं पाणी सोडत राहतो. म्हणून टॉप-अपचं पाणी लहान डब्यात ठेवा आणि त्या डब्याचे लिटरही या बेरजेत धरा. थेट नळाला जोडलेला टॉप-अप नकोच.

कायमचा उपाय दोन पाइपांचा. मुख्य पाइपाला गेट व्हॉल्व्ह (बरेच फेरे फिरवून हळूहळू बंद होणारा) लावायचा आणि तो पाइप पूर्ण भरून वाहू द्यायचा. त्याचं खालचं टोक संपाच्या पाण्यात २-३ सेंमीच बुडवा, जास्त खोल गेलं तर सुरुवातीला हवा बाहेर पडत नाही. दुसऱ्या पाइपाचं तोंड बॉक्समधल्या पाण्याच्या रेषेपेक्षा थोडं वर, आणि खालचं टोक संपाच्या पाण्याच्या वर. एरवी तो कोरडा असतो. त्यातून पाणी पडायला लागलं की आवाज येतो, तीच तुमची सूचना. या पाइपावर व्हॉल्व्ह नको, बारीक जाळीही नको.

गेट व्हॉल्व्ह आधी पूर्ण उघडा. पाइप हवा गिळत गुरगुरेल. पाव-पाव फेरा बंद करत जा आणि दर वेळी दोन-तीन मिनिटं थांबा. गुरगुर बंद झाली आणि पातळी दुसऱ्या पाइपाच्या तोंडाखाली स्थिर राहिली की जमलं. बॉल व्हॉल्व्हने (पाव फेऱ्यात पूर्ण बंद होणाऱ्या) इतकं बारीक जुळत नाही. शेवटी समोर उभं राहून मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. पंपाचं सगळं पाणी एकट्या दुसऱ्या पाइपाने न्यायला हवं. नेत नसेल तर पाइप मोठा घ्या, नाहीतर पंप लहान.

प्रश्न : काचेला भोक पाडता येत नाही. काठावर टांगायचा यू-पाइपवाला ओव्हरफ्लो चालेल का?

चालतो, पण आम्ही सहसा सुचवत नाही. यू-पाइपच्या माथ्यावर हवेचे बुडबुडे साचतात; प्रवाह मंद असेल तर ते पुढे ढकलले जात नाहीत आणि एक दिवस सायफन तुटतो. पंप चालूच राहतो. वापरायचाच तर दोन यू-पाइप घ्या, प्रत्येक एकटा सगळं पाणी नेईल असा, आणि वरची रिकामी जागा मोजून ठेवा. टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला मात्र कधीच ड्रिल लावू नका, पूर्ण काच फुटते. बऱ्याच तयार टँकांचा तळ टफन्ड असतो.

प्रश्न : टँक कनेक्टरमधून (काचेच्या भोकात बसवून पाइप जोडायच्या फिटिंगमधून) थेंब येतात. नट अजून आवळू का?

नको. जास्त आवळल्याने रबरी वॉशर पिचकून बाजूला सरकतो, कधी काचेलाही तडा जातो. पाणी उतरवून कनेक्टर काढा. वॉशर आतल्या बाजूला, कनेक्टरच्या डोक्याखाली हवा; नट बाहेर, कोरड्या बाजूला. काच आणि वॉशर पुसून घ्या, सिलिकॉन लावू नका. हाताने घट्ट करा, मग पान्याने फक्त पाव फेरा. पाइपाचा भार कनेक्टरवर येत असेल तर खाली क्लॅम्प द्या. बऱ्याचदा थेंब त्या ओढीमुळेच येतात. सोल्युशन (पाइप चिकटवायचा द्रव) लावलेल्या जोडांतून २४ तास पाणी सोडू नका.