शंखातून समुद्राचा आवाज खरंच येतो का?

नाही. नाशिकपासून समुद्र शंभरावर किलोमीटर लांब, तरी रामकुंडाजवळच्या दुकानातला शंख कानाला लावला की घूंऽऽ सुरूच! आत लाटा साठवलेल्या नसतात. आपण ऐकतो तो भोवतालचाच गोंगाट: रिक्षा, पंखा, माणसांची कुजबुज. एरवी मेंदू त्याकडे दुर्लक्ष करतो. शंखाच्या वळणदार पोकळीतली हवा यातल्या ठरावीक कंप्रता (सेकंदाला होणारी कंपनं) उचलून धरते, बाकीच्या दबतात. यालाच अनुनाद म्हणतात. एक टोक बंद असलेली 17 सेंटिमीटरची नळी साधारण 500 हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला 500 कंपनांना) घुमते, दुप्पट लांबीची 250 ला. म्हणून मोठा शंख खर्जात, छोटा शिंपला वरच्या पट्टीत.

‘तो आपल्याच रक्ताचा आवाज’ असं बरेच जण ठासून सांगतात. तसं असतं तर जिना धावत चढून आल्यावर तो वाढायला हवा होता. वाढत नाही. ध्वनिरोधक खोलीत मात्र नाडी चालू असूनही शंख गप्प होतो.

शंख नसेल तर स्टीलचा पेला घ्या. मी आत्ताच लावून पाहिला: कानावर घट्ट दाबला तर आवाज बसतो, एका बाजूने बोटभर फट ठेवली की घुमायला लागतो, फट कमीजास्त केली की सूरही सरकतो. मिक्सर चालू असताना करा, फरक लगेच कळेल. (घरचे काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा.)