बँकेत ‘माहिती मीच दिली’ असं लिहून दिलंय, आता पैसे मिळतील का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. सातारा जिल्ह्यात राहतो. तीन आठवड्यांपूर्वी रविवारी संध्याकाळी आमच्या ओळखीच्या ग्रामसेवकांच्या व्हॉट्सॲपवरून ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली. माझी मोटारसायकल मुलगा पुण्यात वापरतो, म्हणून दंड झाला असेल असं वाटलं आणि ती उघडली. एक ॲप बसलं. त्यात नाव, जन्मतारीख, आधार, पॅन, खाते क्रमांक आणि डेबिट कार्डाचा नंबर व मुदत विचारली, ती भरली. पिन दिला नाही, ओटीपी कुणालाही सांगितला नाही. सोमवारी सकाळी दूधवाल्याला पैसे पाठवायला गेलो तर शिल्लक अपुरी. रात्री १ ते २ या वेळेत तीन व्यवहारांत १,४७,९९९ रुपये गेले होते. ७:५० ला बँकेच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन केला, तो लागला पण कुणी घेतला नाही. ८:३५ ला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवली. ११:१० ला शाखेत अर्ज दिला. त्यानंतर ११:५२ ला आणखी ४५,००० गेले! अर्ज काउंटरवरच्या साहेबांनी सांगितला तसा लिहिला : ‘माझ्या निष्काळजीपणामुळे मी माझी गोपनीय माहिती अनोळखी व्यक्तीस दिली.’ आता बँक तोंडी म्हणते, तुम्हीच कबूल केलंय, आमची जबाबदारी नाही. पोलीस ठाण्यात अर्जाची पोच दिली, एफआयआर नाही. ३१,४०० रुपये कुठल्याशा खात्यात रोखलेत म्हणे. माझ्या मोबाइलवरून तीच फाइल माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर गेली आणि एकाचे २२,००० गेले. माझ्यावर गुन्हा होईल का? लोकांत तोंड दाखवायची लाज वाटते. मुलगा येत्या रविवारी येऊन मोबाइल फॉरमॅट करणार आहे.

उत्तर :

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

पुढचं वाचण्याआधी मुलाला फोन करा आणि मोबाइलला हात लावू नको म्हणून सांगा. तुम्ही ओटीपी दिला नाही, तो त्या ॲपने तुमच्या एसएमएसमधून परस्पर उचलला, हे सांगणारा एकमेव साक्षीदार त्या मोबाइलमध्ये आहे. फॉरमॅट केलंत की तो गेला. सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, मोबाइलचं वायफाय बंद करा, फ्लाइट मोडवर टाका आणि बंद करून कपाटात ठेवा. तपासी अंमलदाराने तो पंचनामा करून ताब्यात घ्यावा, अशी लेखी विनंती करा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्याच्या विश्वासाच्या मोबाइलवरून.

आता त्या अर्जाबद्दल. माझ्या मते तुमचं प्रकरण या एका वाक्यापाशी अडलंय, आणि तिथूनच ते सोडवायला हवं. तुम्ही आयुष्यभर मुलांना प्रयोग शिकवलेत. ‘मी माहिती दिली’ हा कर्तरी प्रयोग आहे. घडलं ते वेगळं : माहिती तुमच्याकडून काढून घेतली गेली. ‘अनोळखी व्यक्तीस’ हे तर सरळ चूक. फाइल ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आली आणि तुम्ही कुणा व्यक्तीशी बोललाच नाहीत, सरकारी वाटणाऱ्या ॲपमध्ये रकाने भरलेत. ‘गोपनीय माहिती’ या दोन शब्दांत तर ओटीपी आणि पिनसुद्धा आल्यासारखे वाटतात, जे तुम्ही दिलेच नाहीत. ‘निष्काळजीपणा’ हा निष्कर्ष झाला. तो काढायचं काम रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांचं (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) किंवा न्यायालयाचं, ग्राहकाच्या हातून तो लिहून घेण्याचं शाखेला काही कारण नव्हतं. घाबरलेल्या ज्येष्ठ माणसाला पैसे जातायत त्याच तासात अशी ओळ सांगून लिहून घेणं मला फार खटकतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत ती ओळ मी पुन्हा पुन्हा पाहते.

पण घाबरू नका. कबुली हा पुराव्याच्या कायद्यात निर्णायक पुरावा नसतो. ती कोणत्या परिस्थितीत दिली, खरी होती का, हे दाखवता येतं. शाखा व्यवस्थापकांच्या नावे याच आठवड्यात पुरवणी अर्ज द्या. मजकूर साधा असू दे : ‘दिनांक अमुकचा माझा अर्ज काउंटरवरील कर्मचाऱ्याने सांगितलेल्या मजकुरानुसार व मानसिक धक्क्यात लिहिला आहे. प्रत्यक्षात परिचिताच्या क्रमांकावरून आलेल्या बनावट ॲपने शासकीय ॲप असल्याचे भासवून माझी माहिती मिळवली. मी पिन वा ओटीपी कोणालाही दिलेला नाही. वरील चारही व्यवहार माझ्या संमतीशिवाय झाले आहेत.’ दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

कार्डाचा नंबर आणि मुदत तुम्ही भरलीत, हेही त्या अर्जात लिहा. ही आपली दुबळी बाजू आहे. लपवली तर पुढे ती दुप्पट जड होईल.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकातले नियम तुमच्या कामाचे आहेत. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ व्यवहाराची गुप्त माहिती दिल्यामुळे नुकसान झालं, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भार मात्र बँकेवरच टाकलाय. ‘तुम्ही सिद्ध करा’ असं कुणी म्हणालं तर हे त्यांच्यासमोर ठेवा.

म्हणून तुमच्या रकमेचे दोन भाग करा. ११:५२ चे ४५,००० हा पहिला. शाखेत ११:१० ची पोच आहे, त्याआधी ८:३५ ची १९३० ची तक्रार आहे, त्याच्याही आधी ७:५० चा टोल-फ्रीचा फोन आहे. चोवीस तास तक्रार घेण्याची सोय ठेवणं हे त्याच परिपत्रकाने बँकेवर घातलेलं बंधन आहे. तुम्हाला निष्काळजी ठरवलं तरी हे ४५,००० बँकेचेच. या रकमेवर मी बँकेशी एक पाऊलही मागे घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. ७:५० चा फोन सिद्ध करण्यासाठी मोबाइल कंपनीकडून त्या दिवसाचा कॉल तपशील आत्ताच मागवून ठेवा.

रात्रीच्या १,४७,९९९ वर खरी लढाई आहे. बँक कार्डाच्या नंबराकडे बोट दाखवेल. आपण विचारायचं : नुसत्या नंबरावर आणि मुदतीवर व्यवहार झाले का? नाही, ओटीपी लागला. तो कुणी वाचला? अशा चोरीची पद्धत नवी नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने ड्रिनिक नावाच्या ट्रोजनबद्दल, म्हणजे उपयोगी ॲपचं सोंग घेऊन मोबाइलमध्ये शिरणाऱ्या चोर ॲपबद्दल, इशारा दिला होता. आयकर परताव्याच्या नावाखाली ते ॲप आधार, पॅन, जन्मतारीख, खाते क्रमांक, कार्डाचे तपशील भरून घ्यायचं, एसएमएसची परवानगी घेऊन मोबाइलमधले संदेश आणि कॉलची नोंद चोरांकडे पाठवायचं. २७ हून अधिक भारतीय बँकांचे ग्राहक त्याचं लक्ष्य होते. तुमच्या ‘चलान’ची जात तीच. म्हणजे एसएमएसवर आलेला ओटीपी मोबाइलमध्येच चोरला जातो, हे बँकांना तेव्हापासून माहीत आहे. मग निवृत्तिवेतन जमा होणाऱ्या खात्यातून, मध्यरात्री, लागोपाठ तीन मोठ्या रकमा बाहेर जाताना बँकेच्या यंत्रणेला काहीच वावगं वाटलं नाही का, हा प्रश्न तुमच्या निष्काळजीपणाच्या प्रश्नाइतकाच वजनदार आहे.

पुरवणी अर्जात म्हणूनच बँकेकडे नोंदी मागा : नवीन लाभार्थी (पैसे घेणारं खातं) किती वाजता जोडला, कोणत्या उपकरणावरून आणि आयपी पत्त्यावरून लॉग-इन झालं, रोजची मर्यादा कधी वाढवली, तक्रार मिळाल्यावर खातं किती वाजता गोठवलं. देतीलच असं नाही. पण मागून न देणं हेही पुढे आपल्या उपयोगी पडतं. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची, असं ते परिपत्रक म्हणतं. ते दिवस उलटून गेलेत, हेही लिहा. आणि ग्राहकाची चूक असली तरी जबाबदारी माफ करण्याची मुभा त्याच परिपत्रकाने बँकांना दिली आहे. ‘आमचे हात बांधलेले आहेत’ हे म्हणूनच पूर्ण खरं नाही.

न्यायालयांचा कलही पाहा. आसाममधल्या पल्लभ भौमिक यांना एका फोनवाल्याने ॲप घ्यायला लावलं आणि त्यांचे ९४,२०४ रुपये गेले. त्यांनी चोवीस तासांत बँकेला कळवलं होतं. गुवाहाटी उच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरलं आणि ३ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेची याचिका फेटाळली. त्या प्रकरणात दुकानदार कंपनीच्या संकेतस्थळावरून माहिती फुटली होती, तुमच्यात तसं काही नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकांनीही ओटीपी देऊ नये, दक्ष राहावं असं बजावलंय. तरी निकाल आपल्या बाजूला झुकणारा आहे. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच परिपत्रकाच्या आधारे बँक ऑफ बडोदाला ७६ लाखांहून अधिक रक्कम परत करायला लावली. तिथे मात्र ग्राहकाची काहीच चूक दिसली नव्हती. तुमच्याशी जास्त मिळतंजुळतं जुनं प्रकरण पुण्याचं : पूना ऑटो ॲन्सिलरीज. त्यांनी बनावट ईमेलला प्रतिसाद दिला होता, ८० लाखांहून अधिक रक्कम गेली, आणि २०१३ मध्ये राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान सचिवांनी न्यायनिर्णय अधिकारी म्हणून पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख द्यायला सांगितले. ग्राहक चुकला, म्हणून पूर्ण नाही. बँकही चुकली, म्हणून शून्यही नाही. रात्रीच्या रकमेबाबत मला तुमच्यासाठी असाच मधला निकाल शक्य वाटतो, आणि तो मिळवण्यासारखा आहे.

जायचं कुठे? बँकेला लेखी तक्रार दिल्यापासून तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे. फी नाही, वकील नको. किंबहुना तिथे वकिलामार्फत तक्रार चालतच नाही, तुम्हीच करायची. तुमचं अक्षर आणि भाषा पाहता तुम्ही ती माझ्याहून चांगली लिहाल. फक्त तोवर ग्राहक आयोगात किंवा दुसरीकडे दावा लावू नका, नाहीतर लोकपाल तेवढ्यावरून तक्रार नाकारतील. तिथे समाधान झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांची मुदत असते, ती मात्र चुकवू नका.

पोलिसांचं. हा दखलपात्र गुन्हा आहे : भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), माहिती-तंत्रज्ञान कायद्याची ६६-सी आणि ६६-डी. एफआयआर घ्यावाच लागतो. आयटी कायद्याचा तपास पोलीस निरीक्षक दर्जाचा अधिकारीच करू शकतो, म्हणून कधी कधी ‘पीआय साहेब आल्यावर बघू’ म्हणून टोलवतात. तसं झालं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी आहेत. रोखलेले ३१,४०० सोडवायला त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज लागू शकतो. त्या खात्यावर आणखी किती फसलेल्यांचा दावा आहे, हे तपासी अंमलदाराला आधी विचारा.

एफआयआरमध्ये पैशांबरोबर आधार, पॅन आणि जन्मतारीखही चोरीला गेल्याचं स्पष्ट लिहून घ्या. याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. पैसे एकदा जातात, कागद मात्र चोरांच्या बाजारात फिरत राहतो. उद्या तुमच्या पॅनवर कुणी कर्ज उचललं, तुमच्या नावाच्या सिमवरून दुसऱ्या कुणाला फसवलं आणि पोलीस तुमच्या दारात आले, तर त्या तारखेचा एफआयआर हीच तुमची ढाल. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावाने किती सिम आहेत ते पाहा. लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चार पत कंपन्या वर्षातून एकेक अहवाल फुकट देतात. चारही एकदम न मागवता तीन-तीन महिन्यांनी एकेक मागवा, म्हणजे वर्षभर नजर राहील.

राहिला तुमचा विद्यार्थी. गुन्ह्यासाठी लबाडीचा हेतू लागतो. फाइल तुम्ही पाठवली नाही, तुमच्या मोबाइलमध्ये शिरलेल्या ॲपने पाठवली. जशी ती ग्रामसेवकांच्या मोबाइलमधून तुमच्याकडे आली. त्यांच्यावर तुम्ही गुन्हा दाखल करायला निघालात का? नाही. मग तोच न्याय स्वतःला लावा. मात्र कळल्यानंतर गप्प राहिलात आणि आणखी कुणाचे पैसे गेले, तर लोक तुम्हाला जाब विचारतील, म्हणून ग्रुपवर आजच आवाजात संदेश टाका, तुमचा आवाज सगळे ओळखतात. फाइल पाठवलेला संदेश खोडण्याआधी त्याचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट मुलाच्या किंवा त्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवर घेऊन ठेवा. त्या मुलाने स्वतंत्र तक्रार दिली का, विचारा. दिली नसेल तर पोलीस ठाण्यात त्याच्यासोबत तुम्ही जा. तुमच्या दोघांच्या तक्रारींत फाइलचं नाव एकच आलं, तर ते ॲप खरंच माणसाच्या नकळत पसरतं, याला दुसऱ्या मोबाइलचा दुजोरा मिळेल, आणि बँकेपुढे तुमच्या पुरवणी अर्जासोबत जोडायला त्याच्या तक्रारीची प्रतही तुमच्या हाती असेल.