दृष्टी गेल्यावर कान तीक्ष्ण होतात का?

प्रश्न : काचबिंदूमुळे माझ्या सासऱ्यांची दृष्टी गेली. आता जिन्यावरच्या पावलांवरून कोण आले हे ते अचूक ओळखतात आणि भिंत जवळ आली की चेहऱ्याला काहीतरी जाणवते, असे सांगतात. त्यांचे कान तीक्ष्ण झाले आहेत का? या वयात ब्रेल शिकून उपयोग होईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कान पूर्वीचेच आहेत, पूर्वी ज्या आवाजांकडे लक्ष द्यायची गरज नव्हती, त्यांतून मेंदू आता अर्थ काढू लागला आहे. भिंतीविषयी सासरे सांगतात तेच अनेक अंध व्यक्ती सांगतात. परंतु अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातल्या, १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा व्यक्तींचे कान बंद केल्यावर त्यांना अडथळ्याची चाहूल लागेनाशी झाली आणि त्या त्याच्यावर आदळू लागल्या. भिंतीवरून परतणारा पावलांचा आवाज कानच टिपतात. जाणीव मात्र चेहऱ्यावर झाल्यासारखी वाटते. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या डोळस व्यक्तींनाही सरावाने हे साधले, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते.

जन्मतः किंवा बालपणी दृष्टी गेली असेल, तर बदल अधिक खोलवर होतो. एरवी डोळ्यांकडून आलेली माहिती हाताळणारा, डोक्याच्या मागच्या बाजूचा मेंदूचा भाग त्यांच्यात ब्रेल वाचताना कार्यरत होतो, हे १९९६ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दिसले. पुढच्या वर्षी चुंबकीय स्पंदांनी त्या भागाचे काम क्षणभर विस्कळीत केले, तेव्हा वाचनात चुका होऊ लागल्या. ब्रेलमध्ये निष्णात असलेल्या एका जन्मांध स्त्रीचा हाच भाग पक्षाघाताने दोन्ही बाजूंना निकामी झाला, तेव्हा बोटांना ठिपके लागत होते, पण त्यांची अक्षरे जुळत नव्हती.

उतारवयात इतका मोठा फेरबदल अपेक्षू नये, तरी शिकण्याची दारे बंद होत नाहीत. ब्रेल सावकाश येईल. मधुमेह असल्यास बोटांची संवेदना आधी तपासून घ्यावी. पांढऱ्या काठीने चालण्याचे प्रशिक्षण मात्र लगेच सुरू करावे, कारण काठीच्या टोकाचा आवाजही भिंतीवरून परततो आणि त्याची ओळख रोजच्या वापरानेच होते. सोबत चालताना त्यांचा हात धरून ओढू नका, तुमचा दंड त्यांना धरू द्या. ते घरात वावरत असताना टीव्हीचा आवाजही कमी ठेवा.