दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सेवा आणि शासनाला द्यायचे अहवाल यांचा मेळ तालुका पातळीवर कसा घालावा?

आपण विचारले आहे की, बीड जिल्ह्यातील एका तालुक्यात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याचे काम नव्याने आपल्याकडे आले असून वरून मागितलेले तक्ते भरण्यातच आठवडा संपतो. तेव्हा कायद्याची पूर्तता व्हावी आणि मुलांपर्यंत सेवाही पोहोचाव्यात, यासाठी काम कसे लावावे. मी मराठवाड्यातच गट साधन केंद्रावर (शिक्षण विभागाच्या तालुका पातळीवरील केंद्रावर) विशेष शिक्षक आहे, त्या अनुभवावरून लिहितो. आपल्या भागात या कामाचे वर्ष जून ते मार्च असे धरले तर ते हमखास फसते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि यादीतली मुलेही आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जातात. त्यामुळे शोध, प्रमाणपत्र आणि साहित्याचे मोजमाप ही तिन्ही कामे दसऱ्याच्या आत उरकतील असेच वेळापत्रक आखावे. अहवाल त्यामागून आपोआप येतात.

पहिले काम यादीचे. अनेक शाळांकडून दिव्यांग विद्यार्थ्यांची माहिती वर्षानुवर्षे ‘निरंक’ येते. कुबडी घेऊन चालणारे मूल कोणालाही दिसते. तिसरीत जाऊनही जोडाक्षर न वाचणारे, किंवा फळ्यावरचे उतरवून घेताना दरवेळी शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारे मूल मात्र ‘अभ्यासात कच्चे’ या सदरात जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक आहे. एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ ॲपमधली, दिव्यांगत्वाची लक्षणे टिपणारी पडताळणी सूची वर्गशिक्षकांनी जुलैमध्ये भरावी आणि तिची उजळणी केंद्राच्या शिक्षण परिषदेत करून घ्यावी. ती सूची म्हणजे निदान नव्हे, एवढे मात्र प्रत्येक वेळी सांगावे लागते, नाहीतर शिक्षक पालकांना परस्पर निष्कर्ष सांगून मोकळे होतात.

इथे एक गैरसमज मुळातच काढून टाकायला हवा. प्रमाणपत्र नाही म्हणून मुलाला सेवा नाही, असे या कायद्यात कुठेही नाही. कलम 16 नुसार भेदभाव न करता प्रवेश देणे, गरजेनुसार सोयी करणे आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे ही शाळेचीच कर्तव्ये आहेत, आणि त्यांना टक्केवारीची अट नाही. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाची अट कलम 31 मधील 6 ते 18 वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाच्या हक्काला आणि बऱ्याच योजनांना लागते. म्हणून यूडीआयडीचे (दिव्यांगांच्या ओळखपत्राचे) पांढऱ्या पट्ट्याचे, म्हणजे 40 टक्क्यांखालचे कार्ड हाती आले की मुलाचे नाव यादीतून कमी करण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, ती सरळसरळ चुकीची आहे.

प्रमाणपत्रासाठी पालकांना एकेकटे पाठवू नये. जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीचे वार ठरलेले असतात. एका वारी एकाच प्रकारच्या दिव्यांगत्वाची मुले, ऑनलाइन अर्ज आधीच भरून, आधार कार्डावरचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळवून न्यावीत. नावात एका अक्षराचा फरक असला तरी पुढे भत्त्यापर्यंत अडचण येत राहते, आणि तोवर मजुरी बुडवून आलेला बाप पुन्हा यायला तयार नसतो. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्याची मुदत संपण्याची तारीख आपल्या वहीत टिपून ठेवावी.

साहित्याच्या बाबतीत कागद आणि वस्तुस्थिती यांत सर्वाधिक अंतर पडते. मोजमाप शिबिर आणि वाटप शिबिर यांच्यामध्ये बरेच महिने जातात. श्रावणात माप दिलेल्या मुलाचे कॅलिपर (पायाला आधार देणारे साधन) पौष-माघात आले तर ते मूल तेव्हा कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर असते, आणि एप्रिलमध्ये परतते तेव्हा पाय वाढलेला असतो. श्रवणयंत्राचेही तेच होते. एका घरी यंत्र पाहायला मागितले, तर आईने कपाटातून स्टीलचा डबा काढला. यंत्र कोरे करकरीत, सेल संपलेले, आणि कानातला साचा मुलीच्या कानाला आता बसेना. ‘हरवलं तर पुन्हा कोण देणार, म्हणून ठेवलंय,’ हे तिचे उत्तर. नोंदवहीत मात्र ‘साहित्य वाटप : होय’ असे होते आणि ते खोटेही नव्हते. त्यामुळे मी वाटपाच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने ठेवतो: वापरात आहे का, शेवटची तपासणी कधी झाली, दुरुस्ती कोणाकडे आहे. हे कोणी मागत नाही, पण ‘आलेले साहित्य पडून का आहे’ असा प्रश्न आला की हाच कागद उपयोगी पडतो.

स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण चालू ठेवण्यासाठीचे कार्ड) देताना त्यासोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी: मुलाला काय ऐकू येते, कुठे बसवावे, कोणते साधन वापरतो, फिट येत असल्यास कोणते औषध चालू आहे. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याची पाचसहा पाने कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत कोणी वाचत नाही. अर्धे पान वाचतात. मूल आजीजवळ मागे राहणार असेल, तर गावातल्या हंगामी वसतिगृहात त्याला घेतले जाते की त्याची ‘काळजी कोण घेणार’ म्हणून टाळले जाते, हे स्वतः जाऊन पाहावे.

तीव्र आणि बहुविकलांग मुलांना शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने गृहाधारित, म्हणजे घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय दिला आहे. तो पर्याय आहे, पटावरून मूल बाजूला काढण्याची सोय नव्हे. जे मूल रॅम्प आणि मदतनीस मिळाल्यास वर्गात बसू शकते त्याला ‘गृहाधारित’ दाखवले जात असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो विषय घेऊन इतिवृत्तात लिहून घ्यावा. मदतनीस आणि प्रवास भत्त्याबद्दल फार लिहीत नाही. बँक खाते चालू आहे का, हे ऑगस्टमध्येच पाहावे.

विशेष शिक्षक कमी आहेत हे उघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात ऑक्टोबर 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले, त्या हिशेबाने कुठलाच तालुका बसत नाही. म्हणून आपल्याला जे करता आले नाही तेही गटशिक्षणाधिकाऱ्यांना जावक क्रमांकासह लेखी कळवावे आणि पोहोच जपून ठेवावी. तोंडी सांगितलेले बदलीबरोबर जाते.

शेवटी, आठवी-नववीतल्या मुलांची यादी वेगळी काढा. दहावीला तासामागे 20 मिनिटांचा जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात, पण त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाकडे जातो आणि त्याला वैध प्रमाणपत्र जोडावे लागते. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीला वेळ लागतो, त्यामुळे दहावीचा अर्ज भरताना धावपळ करण्यापेक्षा ती तपासणी आठवीतच सुरू करावी, आणि लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागत असल्याने त्याच्याही पालकांशी आधीच बोलून ठेवावे.